उत्तरमेरूर : घडा, तळे आणि हिशेब

दक्षिण हिंदुस्थानच्या इतिहासाचे एखादे शालेय पुस्तक उघडावे आणि चोळांच्या प्रकरणात उत्तरमेरूरचे नाव आढळू नये, असे सहसा होत नाही. दहाव्या शतकातील एका तमिळ गावात ताडपत्राच्या चिठ्ठ्या घड्यात टाकून पंच निवडीत असत, हे त्या पुस्तकांत दोन-चार ओळींत सांगितलेले असते, आणि ‘प्राचीन भारतातील लोकशाही’ असा मथळा देऊन शिक्षक पुढील धड्याकडे वळतात. त्या दोन-चार ओळींमागे एक संपूर्ण गाव आहे. त्याची जमीन, त्याचे पाणी, त्याचे कर, त्याची विद्या आणि त्याचे अन्यायही आहेत. त्या गावाचा थोडा विस्ताराने परिचय करून द्यावा, आणि त्या प्रसिद्ध घड्याचा अर्थ खरोखर काय होता हे पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

उत्तरमेरूर हे तमिळनाडूच्या कांचीपुरम जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण होय. ते चेन्नईच्या नैर्ऋत्येस सुमारे ९० किलोमीटरांवर आणि कांचीपुरमच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरांवर आहे. या प्रदेशाचे जुने नाव तोंडैमंडलम्. कावेरीच्या खोऱ्यातील तंजावर आणि हा प्रदेश यांत एक मूलभूत भेद आहे, आणि तो ध्यानी घेतल्याखेरीज येथील इतिहास उलगडत नाही. तंजावरला नदी आहे व तिचे कालवे आहेत. तोंडैमंडलातून पालार आणि चेय्यार या नद्या वाहतात खऱ्या. परंतु वर्षातील बराच काळ त्यांच्या पात्रांत वाळूच अधिक दिसते. पावसाचा मोठा वाटा ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो, तोही पुष्कळदा वादळांच्या रूपाने, दोन-चार दिवसांत कोसळून जाणारा. हे पाणी धरून ठेवले तर भाताचे पीक; न धरले तर ते समुद्रास मिळावयाचे. म्हणून या मुलखात गावोगावी तळी बांधली गेली. तमिळमध्ये अशा तळ्यास ‘एरि’ म्हणतात.

एरि म्हणजे आपल्याकडील देवळापुढचे घडीव पायऱ्यांचे तळे नव्हे. उताराच्या जमिनीवर अर्धचंद्राकृती मातीचा लांबच लांब बांध घालावयाचा, वरच्या अंगाने येणारे पाणी त्यात अडवावयाचे, बांधात ठिकठिकाणी दगडी मोऱ्या ठेवून खालच्या शेतांस पाणी सोडावयाचे, आणि जास्तीचे पाणी ज्यावरून सुरक्षितपणे बाहेर पडेल असा एक दगडी सांडवा राखावयाचा, ही तिची रचना. एका एरीच्या सांडव्याचे पाणी पुढच्या गावाच्या एरीत जाते, आणि अशी साखळी कोसन् कोस चालते. ही योजना दिसावयास सोपी असली तरी टिकवावयास कठीण आहे. पाण्याबरोबर दरवर्षी गाळ येतो. तो काढला नाही तर तळे उथळ होत जाते. बांधास उंदीर-घुशींची बिळे पडतात. ती वेळीच बुजविली नाहीत तर एका वादळी रात्री बांध फुटतो. पाणी आधी कोणाच्या शेतास आणि किती वेळ, हे ठरले नाही तर गावात डोकी फुटतात. सारांश, एरि ही एकट्यादुकट्याने चालविण्याची वस्तू नाही. तिला काम करणारे हात हवेत, पैसा हवा आणि त्या पैशाचा हिशेब ठेवणारा कोणी तरी हवा.

उत्तरमेरूरच्या एरीचे शिलालेखांतील नाव ‘वैरमेघ-तटाक’ असे आहे. गावाची स्थापना आठव्या शतकात पल्लव राजा दुसरा नंदिवर्मा याच्या काळी झाली असे मानण्यात येते. वेदविद्यासंपन्न ब्राह्मणांस राजाने दिलेले हे अग्रहार होते. अशा गावास तमिळ लेखांत ‘ब्रह्मदेय’ म्हणतात आणि नावास ‘चतुर्वेदिमंगलम्’ हे पद जोडतात. पुढे चोळांच्या अमलात यासच राजेंद्रचोळ-चतुर्वेदिमंगलम् असेही नाव मिळाले. सुंदरवरद पेरुमाळचे तीन मजल्यांचे मंदिर हे येथील मोठे भूषण होय. त्याच्या मजल्यांवर विष्णूच्या उभ्या, बसलेल्या आणि शेषशायी अशा नऊ मूर्ती आहेत. तथापि इतिहासाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे ते वैकुंठ पेरुमाळचे लहानसे देऊळ. त्याच्या मंडपात गावची सभा भरत असे, आणि तिचे ठराव भिंतींच्या दगडांवर कोरून ठेवण्यात येत. सभेचे दप्तर दगडाचे असल्यामुळेच ते आपणापर्यंत पोहोचले.

या लेखांतून गावचे जीवन किती बारकाईने दिसते! कोणी सोने देतो, आणि त्याच्या व्याजातून दरवर्षी तळ्यातील गाळ काढावा असे ठरते. ते सोने तळ्याच्या समितीच्या हवाली होते. व्याकरणशास्त्र शिकविणाऱ्या पंडितास जमिनीचे उत्पन्न तोडून दिले जाते. सर्पदंशावर विष उतरविणाऱ्या वैद्याचीही अशीच सोय केली जाते. सभा जमीन विकते, विकत घेते, ठेवी स्वीकारते, कर वसूल करते आणि देवळाच्या दिव्यापासून बांधाच्या मातीपर्यंत सर्व गोष्टींत लक्ष घालते. हे सर्व नवव्या-दहाव्या शतकांतले आहे.

आता त्या प्रसिद्ध लेखांकडे वळू. पहिला परांतक चोळ (इ. स. ९०७–९५५) याच्या कारकीर्दीच्या बाराव्या व चौदाव्या वर्षी, म्हणजे इ. स. ९१९ आणि ९२१ मध्ये, राजाच्या अधिकाऱ्याच्या उपस्थितीत सभेने समित्यांच्या निवडीचे नियम ठरविले. समितीस तमिळमध्ये ‘वारियम्’ म्हणतात. १८९८ मध्ये मद्रासच्या पुराभिलेख खात्याच्या नोंदीत हे लेख आले, व्ही. वेंकय्या यांनी त्यांचा परिचय विद्वानांस करून दिला, आणि १९३२ मध्ये के. ए. नीलकंठ शास्त्री यांनी चोळांच्या राज्यकारभारावरील आपल्या ग्रंथात त्यांचे सविस्तर विवेचन केले.

नियम असे. गावाचे तीस वाडे करावेत. प्रत्येक वाड्यातील पात्र पुरुषांची नावे ताडपत्राच्या निरनिराळ्या चिठ्ठ्यांवर लिहावीत. पात्रता काय? पाव वेलीहून अधिक, म्हणजे सुमारे पावणेदोन एकरांहून अधिक, सारा भरणारी जमीन असावी. स्वतःच्या जागेवर बांधलेले घर असावे. वय ३५ च्या वर व ७० च्या आत असावे. मंत्र-ब्राह्मणांचे अध्ययन झालेले असावे. एक वेद आणि एक भाष्य यांत जो निष्णात असेल त्यास जमिनीची अट निम्म्याने शिथिल. मागील तीन वर्षांत जो कोणत्याही समितीवर होता त्याचे नाव घालू नये. आणि जो समितीवर राहून गेला परंतु ज्याने हिशेब दिला नाही, तो अपात्र. एवढेच नव्हे, तर त्याचा बाप, मुलगा, भाऊ, सासरा, जावई, मेहुणा, भाचा, मावसभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ असे नातलगही अपात्र! महापातकी, परद्रव्य चोरणारा, निषिद्ध वर्तन केलेला असे आणखीही अनेक जण वगळले आहेत.

निवडीच्या दिवशी लहानथोरांसह सारी सभा मंडपात जमे. गावातील देवळांच्या पुजाऱ्यांपैकी एकानेही त्या दिवशी गैरहजर राहावयाचे नाही. प्रत्येक वाड्याच्या चिठ्ठ्यांची जुडी बांधून, वर वाड्याचे नाव लावून, अशा तीस जुड्या एका घड्यात टाकीत. वयाने वडील असा पुजारी तो घडा सर्वांस दिसेल असा वर उचली. काहीही न कळणाऱ्या एका लहान मुलाकडून एक जुडी बाहेर काढवीत. ती सोडून तिच्यातील चिठ्ठ्या दुसऱ्या घड्यात घालून हलवीत, आणि त्याच मुलाकडून त्यातील एक चिठ्ठी उचलवीत. ती चिठ्ठी ‘मध्यस्थ’ आपला तळहात उघडा ठेवून, पाचही बोटे पसरून घेई, म्हणजे हातात दुसरी चिठ्ठी दडविल्याचा संशय नको. तो ती मोठ्याने वाची, आणि मग जमलेले पुजारीही वाचीत. याप्रमाणे तीस वाड्यांतून तीस नावे. त्यांतून बारा जण संवत्सर समितीवर, बारा जण बाग समितीवर आणि सहा जण एरि समितीवर जात. सोन्याचा कस पाहणारी व आणखी एक समिती यांचीही निवड अशाच रीतीने होई. मुदत ३६० दिवसांची. अपराध सिद्ध झाल्यास त्यापूर्वीही तत्काळ हकालपट्टी. ‘कुड’ म्हणजे घडा व ‘ओलै’ म्हणजे ताडपत्र. यावरून या पद्धतीस ‘कुडवोलै’ हे नाव पडले.

या वर्णनात मतदान कोठे आहे? वस्तुतः ते कोठेच नाही. चिठ्ठीवर मतदाराची पसंती लिहिलेली नसून पात्र माणसाचे नाव लिहिलेले आहे. आणि निवड करणारा मतदार नसून अजाण बालकाचा हात, म्हणजेच दैवगती आहे. म्हणून या पद्धतीस मतदानाची लोकशाही म्हणणे हे शब्दांशी खेळणे होईल. पण यामुळे तिचे मोल कमी होते असे आम्हांस वाटत नाही. उलट, ज्यांनी ही पद्धत योजिली त्यांच्या मनात कोणती भीती होती हे पाहिले म्हणजे तिचे खरे स्वरूप कळते. भीती होती ती घराणेशाहीची, एकाच हाती पुनःपुन्हा अधिकार जाण्याची, आणि सर्वांत अधिक म्हणजे सार्वजनिक पैसा खाल्ला जाण्याची. पहिला ठराव केल्यावर अवघ्या दोन वर्षांत तो सुधारून पुन्हा कोरावा लागला, वयाची मर्यादा ३० वरून ३५ वर नेऊन ठेवावी लागली, दुष्टांचा नाश व सज्जनांचा उत्कर्ष व्हावा असा हेतू लेखात नमूद करावा लागला. यावरून गावात काही तरी बिघडले असावे, असे अनुमान काढण्यास हरकत नाही. गावचा हिशेबनीस नेमण्याचे नियमही तसेच कडक आहेत. त्याने लिहिलेला हिशेब त्यानेच सभेपुढे मांडावयाचा. तो निर्दोष ठरेपर्यंत त्याची पुन्हा नेमणूक नाही. निवडीची रीत चिठ्ठीची असली, तरी तिचा कणा हिशेबाचा आहे. आणि हा हिशेब मुख्यतः जमिनीचा, साऱ्याचा व पाण्याचा आहे. बारा महिने गाळ, बांध आणि मोऱ्या यांच्याशी ज्यांची गाठ आहे, त्यांस हिशेब चुकविणारा माणूस परवडत नाही; कारण हिशेब चुकला की बांध फुटतो आणि भातशेती बुडते.

हे झाले घड्यात ज्यांची नावे होती त्यांविषयी. ज्यांची नावे नव्हती त्यांचे काय? स्त्रियांचे नाव नव्हते. वेदाध्ययनाची अट असल्याने ब्राह्मणेतर कोणाचेही नव्हते. जमिनीची अट असल्याने निर्धन ब्राह्मणाचेही नव्हते. नांगर धरणारे, लावणी करणारे, गाळाची पाटी डोक्यावरून वाहणारे लोक या व्यवस्थेत केवळ श्रमासाठी होते. तोंडैमंडलातील पुष्कळ गावांत एरीच्या मोरीची उघडझाप करून शेतोशेत पाणी पोहोचविणारा ‘नीरकट्टि’, म्हणजे आपला पाटकरी, हा पुढील काळात बहुधा अस्पृश्य मानलेल्या जातींतील असे. ज्याच्या हातून सर्व गावास पाणी मिळे, त्यास सवर्णांच्या विहिरीला हात लावण्याची मुभा नसे.

ही विषमता शतकानुशतके टिकली. चोळांच्या नंतर सभांचे सामर्थ्य ओसरले. विजयनगरचे नायक आले, अर्काटचे नवाब आले, आणि १७६३ मध्ये नवाबाने चेंगलपट्टूची जहागीर ईस्ट इंडिया कंपनीस दिली. १७६७ ते १७७४ या काळात टॉमस बार्नर्ड याने तिची पाहणी केली. सुमारे दोन हजार गावांच्या त्या पाहणीतून दिसते की, खळ्यावरची रास वाटली जाण्यापूर्वी तिच्यातून देऊळ, तळे, हिशेबनीस, सुतार, लोहार, पाणी सोडणारा अशा अनेकांचे वाटे काढून ठेवीत. आपल्या बलुत्याची आठवण व्हावी अशीच ही व्यवस्था आहे. जमिनीवरील वंशपरंपरागत हक्कास तमिळमध्ये ‘काणियाट्चि’ म्हणत, आणि इंग्रजी दप्तरांत त्यासच ‘मिरासी’ हा शब्द रूढ झाला. तोच अरबी-फारसी शब्द मराठी मुलखातील मिरासदारांमुळे आपल्याही परिचयाचा आहे. शब्द एक आणि अनुभवही सारखाच: मिरासदारास हक्क, बाकीच्यांस वाटा, आणि त्याही खालच्यांस केवळ राबणे. १८९१ मध्ये चेंगलपट्टूचा जिल्हाधिकारी ट्रेमेनहीर याने तेथील परैयर लोकांच्या दैन्याचा अहवाल सरकारास सादर केला. त्यांस जमीन नाही, आणि राहत्या झोपडीच्या जागेवरही मालकी नाही, असे त्यात मांडले होते. त्यातूनच १८९२ मध्ये अस्पृश्यांस पडीक जमिनी देण्याचा हुकूम निघाला. या जमिनी आज ‘पंचमी’ जमिनी या नावाने ओळखल्या जातात.

तथापि घड्याबाहेरील लोकांस संस्कृती नव्हती असे समजणे चुकीचे होईल. देवळात व्याकरण आणि वेद यांचे पठण चाले, त्याच मुलखात द्रौपदी अम्मनच्या देवळांपुढे महाभारताचे ‘कूत्तु’ रात्रभर चालतात. सांबा हंगामाचे भात घरात येते तेव्हा तै महिन्याच्या प्रारंभी पोंगल साजरा होतो. नव्या तांदळाचा भात उतू जाऊ देणे हा त्याचा मुख्य विधी. पुढे उन्हाळ्यात, तळी आटू लागल्यावर, गावे मोकळी होतात आणि मग हे कूत्तु रंगतात. लाकडी मुकुट व भुजभूषणे घातलेला दुर्योधन पहाटेपर्यंत गर्जत राहतो, शेवटच्या दिवशी मातीचा प्रचंड दुर्योधन जमिनीवर घडवून त्याचा वध होतो, आणि भक्त निखाऱ्यांवरून चालतात. सभेच्या भिंतीवर ज्यांचे नाव कोरले गेले नाही त्यांनी आपले महाभारत अंगणात जिवंत ठेवले.

उत्तरमेरूरचे नाव पुढे भारताच्या घटनासमितीतही निघाले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी खेड्यांच्या गौरवावर कठोर टीका केली होती. खेडे हे संकुचित वृत्तीचे, अज्ञानाचे व जातीयतेचे घर आहे, आणि म्हणून मसुद्याने खेडे न घेता व्यक्ती हा घटक मानला, असा त्यांच्या म्हणण्याचा भाव होता. अनेक सभासदांस ते झोंबले. त्याच महिन्यात ग्रामपंचायतींविषयीच्या कलमावर चर्चा चालू असता आंध्रचे नेते टी. प्रकाशम् यांनी उत्तरमेरूरच्या शिलालेखाचा, त्यातील घडे व ताडपत्रे यांचा दाखला दिला. आंबेडकरांनी के. संतानम् यांची दुरुस्ती स्वीकारली, आणि राज्यधोरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांत चाळीसावे कलम आले. १० डिसेंबर २०२० रोजी नव्या संसदभवनाच्या पायाभरणीच्या वेळी पंतप्रधानांनीही याच लेखाचा उल्लेख केला.

प्रकाशम् यांचा अभिमान खरा की आंबेडकरांची टीका खरी? आमच्या मते त्या एकाच भिंतीवर दोहोंचाही पुरावा कोरलेला आहे. हिशेबाचे नियम वाचावेत आणि प्रकाशम् यांचे म्हणणे पटावे. पात्रतेचे नियम वाचावेत आणि आंबेडकरांचे. अर्धा लेख वाचून निकाल देणाऱ्यास मात्र दोन्ही बाजूंनी चुकावे लागते. आपण शिक्षक मंडळी वर्गात बहुधा पूर्वार्धच वाचतो, कारण तो विद्यार्थ्यांस स्फूर्ती देतो. परंतु अर्धसत्याने आलेली स्फूर्ती फार काळ टिकत नाही.

आजच्या उत्तरमेरूरात काय दिसते? भात हे अद्यापही मुख्य पीक. सोर्णवारी, सांबा व नवरै हे त्याचे तीन हंगाम. मात्र तिन्ही साधतील की नाही हे तळ्यातील व विहिरीतील पाण्यावर अवलंबून. याच जिल्ह्यातील श्रीपेरुम्बुदूर व ओरगडम येथे मोटारींचे व इतर कारखाने उभे राहिले आहेत. एरींची दुरुस्ती पूर्वी घरटी श्रमदानाने होई. त्यास ‘कुडिमरामत्तु’ म्हणत. ती प्रथा मोडू लागली तेव्हा इंग्रज सरकारने १८५८ मध्ये सक्तीच्या श्रमाचा कायदा केला. पण जी गोष्ट गावच्या सभेस साधली होती ती कायद्यास साधली नाही. २०१७ मध्ये तमिळनाडू सरकारने कुडिमरामत्तु याच नावाने तळ्यांच्या दुरुस्तीची योजना पुन्हा सुरू केली. नाव जुने असले तरी पैसा सरकारचा होता, आणि गावाने आपल्या तळ्याचा हिशेब आपण ठेवण्याची सवय अशी एका हुकमाने परत येत नसते.

घड्यातून वगळलेल्यांस मात्र राज्यघटनेने आत घेतले. १९९२ च्या घटनादुरुस्त्यांनी स्थानिक संस्थांत स्त्रियांस व अनुसूचित जाति-जमातींस राखीव जागा दिल्या. तमिळनाडूने २०१६ मध्ये स्त्रियांच्या जागा निम्म्यापर्यंत नेल्या. दहाव्या शतकातील कोणत्याही सभेस हे कल्पनेतही आले नसते. परंतु त्याच तमिळनाडूत, उत्तरमेरूरसह सर्व शहरी स्थानिक संस्थांची मुदत ऑक्टोबर २०१६ मध्ये संपली, आणि पुढची निवडणूक झाली ती फेब्रुवारी २०२२ मध्ये. ज्या गावाच्या भिंतीवर अधिकाराची मुदत ३६० दिवस अशी कोरलेली आहे, त्या गावास पाच वर्षांहून अधिक काळ निवडलेला एकही सभासद नव्हता!

यावरून जुने ते सोने असा निष्कर्ष कोणी काढू नये, आणि जुने ते सर्व टाकाऊ असाही काढू नये. उत्तरमेरूरच्या सभेस अधिकारावर लगाम कसा घालावा हे कळले होते, पण माणूस कोणास म्हणावे हे कळले नव्हते. आपल्या घटनेने दुसरी गोष्ट स्पष्ट लिहून ठेविली आहे. पहिली अंगी बाणवावयाची अद्याप राहिली आहे. वर्गात हा धडा शिकविताना घड्याचे चित्र फळ्यावर अवश्य काढावे. त्याच्या शेजारी तळ्याचा बांध काढावा, आणि त्या बांधावर गाळाची पाटी घेतलेला, ज्याची चिठ्ठी घड्यात नव्हती असा माणूसही काढावा. मग विद्यार्थी आपण होऊन योग्य ते प्रश्न विचारू लागतील, आणि इतिहासाच्या शिक्षकास याहून मोठे यश ते कोणते?